बायकोसाठी कॉम्पॅक्ट पिस्तूल, रोज जवळ बाळगायला: कुठलं घ्यावं? (टेक्सास)

कॅटीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि विषय जरा नाजूक आहे, तेव्हा समजून घ्या.

आम्ही ह्युस्टनच्या पश्चिमेला कॅटीला राहतो. बायको फार्मसिस्ट आहे, आठवड्यातून तीन दिवस क्लोजिंग शिफ्ट असते, म्हणजे दुकान बंद करून बाहेर पडेपर्यंत पावणेदहा-दहा होतात. दोन महिन्यांपूर्वी एक माणूस तिच्या मागे पार पार्किंग लॉटच्या टोकापर्यंत आला, काही बोलला नाही, गाडीच्या दारापाशी ती पोचली तेव्हा दोन गाड्या पलीकडे उभा राहून बघत होता. तिने आत बसून दार लॉक केलं आणि मला फोन केला, तो फोन मी अजून विसरलेलो नाही. झालं काहीच नाही पण त्या रात्रीनंतर तिनेच म्हटलं की मला पिस्तूल चालवायला शिकायचंय आणि नीट शिकून जवळ ठेवायचंय. आम्ही दोघंही सिटिझन आहोत, त्यामुळे विकत घ्यायला अडचण नाही. तिची उंची ५ फूट १ इंच, हात लहान, आणि मुलगी झाली तेव्हापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं आहे, डॉक्टर डी क्वेरवेन म्हणाले होते, बरं झालं पण जड काही उचललं की परत डोकं वर काढतं.

गेल्या शनिवारी एका दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने तिच्याकडे बघून न विचारता एक अगदी चिमुकलं, ३८० मापाच्या गोळीचं पिस्तूल काढून दिलं, "लेडीज गन" म्हणाला. तिला स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पहिली गोळी नळीत चढवायला तो मागे ओढावा लागतो) ओढता आली नाही. तो म्हणाला मग रिव्हॉल्व्हर घ्या, त्यात ओढायचं काही नाही. ती गप्प झाली आणि आम्ही निघून आलो. तर आता नावं डोक्यात आहेत ती रुगर एलसीपी, स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर, ग्लॉक ४३एक्स, सिग पी३६५. बजेट होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) धरून ७०० डॉलर. घरात सहा वर्षांची मुलगी आहे हेही लक्षात घ्या. ज्यांच्या घरी बायका खरंच रोज कॅरी करतात त्यांचे अनुभव हवे आहेत.

डॅलसवासी

ग्लॉक ४३एक्स. डोळे झाकून घ्या.

रानवाटा_ऑस्टिन

डोळे झाकून काहीच घेऊ नका दादा. मी बारा वर्षं शूटिंग करतोय आणि गेली चार वर्षं वीकेंडला नवशिक्यांना शिकवतो, त्यात आपल्या बायका बऱ्याच असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, "बाई आहे, हात लहान आहे, म्हणून पिस्तूल लहान आणि हलकं" हे समीकरण उलटं आहे. गोळी सुटताना जो धक्का बसतो तो पिस्तुलाच्या वजनात मुरतो. एलसीपी रिकामं असताना जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं, खिशात मावतं, ठेवायला सुंदर, पण तो सगळा धक्का तळहातात येतो आणि धरायला दोनच बोटं मावतात, करंगळी हवेत. पी३६५ किंवा ४३एक्स ही पाचशे ग्रॅमच्या आसपासची, तिथे तीच गोष्ट बरीच सुसह्य होते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी चिमुकलं पिस्तूल दिलं की तो दहाव्या गोळीला डोळे मिटायला लागतो, आणि ती सवय काढायला सहा महिने जातात. माझ्याकडे आलेल्या अर्ध्या बायकांची हीच कहाणी, नवऱ्याने किंवा दुकानदाराने प्रेमाने छोटंसं निवडलं आणि ते आता कपाटात पडून आहे.

दुसरं, लहान पिस्तुलांची स्लाईड मोठ्यांपेक्षा जास्त कडक असते. स्लाईडचं वजन कमी म्हणून तिला मागे रोखायला स्प्रिंग ताठ लागते. म्हणजे दुकानदाराने वहिनींना नेमकं ओढायला अवघड तेच दिलं आणि जमलं नाही तर दोष त्यांच्या हाताला. (३८० मध्ये सोप्या स्लाईडची पिस्तुलंही आहेत.)

तिसरं, स्लाईड ओढण्याची पद्धत. बहुतेक लोक चिमटीत, म्हणजे अंगठा आणि तर्जनीत, स्लाईडचं मागचं टोक पकडून हात लांब ठेवून ओढतात. वहिनींच्या अंगठ्याला ते झेपणारच नाही. असं करा: पिस्तूल छातीजवळ घ्या, कोपरं बरगड्यांना टेकलेली, नळी समोर टार्गेटकडेच, शरीर थोडं तिरकं. डावा तळवा स्लाईडच्या वरून टाका, चारही बोटं पलीकडच्या बाजूला, तळव्याची गादी अलीकडे, अंगठ्याला कामच नाही. आता डावा हात जागच्या जागी घट्ट आणि उजव्या हाताने ग्रिप (पिस्तुलाची मूठ) पुढे ढकला, जसा दार अडकल्यावर खांद्याने जोर लावतो तसा सगळ्या अंगाचा जोर. पुढे गेलं की स्लाईड सोडून द्या, हाताने पुढे नेऊ नका. माझ्याकडे ६८ वर्षांच्या एक काकू पहिल्या तासात हे शिकल्या.

आणि निवड रेंजवर भाड्याने घेऊन करा. कॅटीच्या बाजूला भाड्याने पिस्तूल देणाऱ्या रेंज आहेत, एका तासात चार-पाच चालवून बघता येतात. तुम्ही मागच्या बाकावर बसा, निवडू द्या त्यांना.

जास्वंद

रानवाटांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. वाचतेय.

गौरी_प्लेनो

कॅटीकर, मी रोज कॅरी करते, पाच वर्षं झाली, तेव्हा माझं ऐका.

मी रिव्हॉल्व्हरपासून सुरू केलं होतं. पाच गोळ्यांचं, बिनघोड्याचं (म्हणजे मागचा हॅमर आत झाकलेला), चारशे ग्रॅमच्या आसपासचं. सगळे म्हणाले साधं आहे, अडकत नाही, ओढायचं काही नाही. पण अशा रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर दहा-बारा पौंडांचा असतो, म्हणजे ओढायला तितका जोर लागतो, आणि तो दरवेळी लांबलचक ओढावा लागतो. माझ्या तर्जनीचं पहिलं पेरही ट्रिगरवर नीट बसत नव्हतं, जोर लावला की सगळं पिस्तूल उजवीकडून डावीकडे वळायचं आणि सात यार्डांवर माझ्या पाचातल्या दोन गोळ्या कागदाबाहेर. एक वर्ष मी ते पर्समध्ये घेऊन फिरले आणि मनातून मला माहीत होतं की याने माझा नेम काही लागणार नाही. त्या वर्षाची मला आजही भीती वाटते. हत्यार जवळ आहे या भरवशावर मी दोनदा अशा ठिकाणी एकटी गेले जिथे एरवी गेले नसते.

मग एका बाईंनीच मला स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी दाखवलं. ते कमी ताकदीच्या हातांसाठीच काढलंय, ३८० मध्ये २०१८ ला आलं, ९ एमएम मध्ये २०२० ला. स्लाईड खरंच सोपी, आणि मॅगझिनच्या (गोळ्या भरायच्या पेटीच्या) बाजूला एक बटण आहे ते खाली दाबलं की गोळ्या अंगठा न मोडता भरता येतात. तुमच्या मिसेसच्या अंगठ्यासाठी हे फार महत्त्वाचं. ८ गोळ्यांचं मॅगझिन. ग्रिपच्या मागे एक सेफ्टी असते, मूठ पूर्ण आवळली नाही तर गोळी सुटत नाही, त्यामुळे पकड शिकूनच घ्या. सेकंडहँड घेत असाल तर एक काळजी घ्या, १ मार्च ते ३१ ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या पिस्तुलांच्या हॅमरचा कंपनीने रिकॉल काढला होता, सीरियल नंबर तपासून घ्या.

आता कपड्यांचं, कारण यावर पुरुष मंडळी एक ओळ लिहून मोकळी होतात. पिस्तूल निवडण्याआधी कपाट उघडून बघा. जीन्स आणि ढगळ शर्ट असेल तर कमरेच्या आतलं कायडेक्सचं (टणक प्लास्टिकचं) होल्स्टर आणि चांगला ताठ पट्टा, प्रश्न मिटला. पण मी ऑफिसला कुर्ता-लेगिंग घालते. लेगिंगचं इलॅस्टिक पाचशे ग्रॅम धरत नाही, चालताना सगळं खाली घसरतं. मी लेगिंगच्या वर, कुर्त्याच्या आत एक वेगळा रुंद पट्टा बांधते, त्यालाच कायडेक्स जोडलेलं. कुर्त्याच्या बाजूच्या चिरा कमरेच्या वरपर्यंत असतील तर वाकलं की दिसतं, म्हणून मी शिंप्याकडून दोन-दोन इंच शिवून घेतल्या. सुती इस्त्रीच्या कुर्त्यात आकार उमटतो, चुणीदार किंवा छापील कापडात उमटत नाही. साडीत मी कॅरी करत नाही, नेसणारी प्रत्येक बाई समजेल, तिथे सुरक्षित जागाच नाही आणि ओढून काढायला निऱ्या सुटतील.

नुसत्या कापडी बेलीबँडमध्ये कधीही ठेवू नका, ट्रिगरवर टणक आवरण हवंच हवं. आणि पर्स नको. पर्स खांद्यावरून ओढली गेली की पिस्तूल त्याचं झालं.

एडिसनचा_नाना

माहितीपूर्ण धागा. दोन शब्द कायद्याचे कारण यात आपले लोक चुकतात आणि चूक महागात पडते.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही कॅरी करता येतं, हे खरं. तरीही वहिनींनी एलटीसी (लायसन्स टू कॅरी, जवळ बाळगायचा परवाना) काढावंच. मुलीला शाळेत सोडायला जाणार ना? शाळेपासून हजार फुटांच्या आत फेडरल कायदा आडवा येतो, आणि ज्या राज्यातली शाळा त्या राज्याचं लायसन्स असलं तर तुम्ही त्यातून सुटता. नुसतं "टेक्सासमध्ये लायसन्स लागत नाही" म्हणून तिथे चालत नाही. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असूनही नाही, म्हणजे मंडळाचा गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असेल तर त्या दिवशी घरी ठेवून जा. लाल ५१ टक्केची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची) असलेल्या बारमध्ये नाही. ३०.०६ ची (मालकाने लायसन्सवाल्यांनाही मनाई केल्याची) पाटी असेल तिथे झाकूनही नाही. नोकरीच्या ठिकाणचे नियम वेगळे, ते आधी लेखी विचारा. आणि आमच्याकडे न्यू जर्सीला येताना घरीच ठेवून या, टेक्सासचं लायसन्स इथे, न्यूयॉर्कला, कॅलिफोर्नियाला, इलिनॉयला चालत नाही.

विकत घेताना शक्यतो वहिनींनीच काउंटरवर उभं राहून ४४७३ फॉर्म (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरावा. नवऱ्याने बायकोला गिफ्ट देणं कायदेशीर आहे, पण दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेऊन फॉर्मवर "मीच खरा खरेदीदार" लिहिणं हा फेडरल गुन्हा, अब्राम्स्की खटल्यात २०१४ ला सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, आणि तिथे ज्याच्यासाठी घेतलं तो माणूस स्वतः घेऊ शकत होता तरीही.

फ्रिस्को_२०१९

नाना, यावरच विचारायचं होतं. मी एच-१बी वर, बायको ग्रीन कार्डवर. ती घेऊ शकते ना? घरात एकच असेल, मग मी वापरलं तर?

एडिसनचा_नाना

त्या घेऊ शकतात. तुम्ही नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या व्हिसावरचे), त्यांना पिस्तूल किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याने हातात घेणंही त्यातच येतं. शिकारीच्या वैध लायसन्सचा एक अपवाद कायद्यात आहे, पण त्यावर विसंबायचं तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. तिजोरीची किल्ली किंवा कोड तुमच्याकडे असणं हेही अंगाशी येऊ शकतं. हत्याराच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढतात, ग्रीन कार्डची रांग वगैरे सगळं तिथेच संपलं. मी घाबरवत नाहीये, कळकळीने सांगतोय.

फ्रिस्को_२०१९

धन्यवाद. हे मला खरंच माहीत नव्हतं. मित्राबरोबर पुढच्या रविवारी रेंजवर जाणार होतो, रद्द करतोय.

साधना_प

सगळ्यांची माफी मागून वेगळं मत मांडते. मी इथे सोशल वर्कर आहे. घरात पिस्तूल आल्यावर ते पार्किंगमधल्या माणसावर चालण्यापेक्षा घरातल्याच कोणावर चालण्याची शक्यता आधी बघा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. ज्या घरात कोणी खचलेलं असेल तिथे हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि आपल्या समाजात तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

आणि पर्सबद्दल गौरीताई बोलल्या ते किती खरं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावात वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि आई जागीच गेली. पर्स खास पिस्तुलासाठी बनवलेली होती, वेगळा कप्पा, चेन. ती बाई निष्काळजी नव्हती, तिला हत्याराची सवय होती, लायसन्स होतं. मूल शॉपिंग कार्टमध्ये बसलेलं. कॅटीकर, तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, तिची बोटं चेन उघडण्याइतकी हुशार आहेत.

कॅटीकर

साधनाताई, माफी कशाला, उलट तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी रात्री एकत्र बसून वाचला. आत्महत्येचा विषय निघाला तेव्हा मीच तिला सांगितलं की दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली होती तेव्हा माझं मन कुठे कुठे जायचं, हे मी तिलाही आधी नीट सांगितलं नव्हतं. आता ठरलंय की तिजोरीचा कोड फक्त तिच्याकडे. पिस्तूल तिचं आहे, मला कोड लागत नाही.

बाकी: पर्स कायमची बाद. बिछान्याजवळच्या कपाटात आतून बोल्ट केलेली बटणांची छोटी तिजोरी बसवतोय. टेक्सासमध्ये १७ च्या आतल्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागलं तर तो पालकाचा गुन्हा धरतात, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं. मुलीला सांगायला सुरुवात केली आहे, कुणाच्याही घरी दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. तिच्या मैत्रिणींच्या घरी जाण्याआधीही आता विचारणार, तुमच्याकडे आहे का आणि कुठे ठेवता.

रानवाटा_ऑस्टिन

कोडचं जे ठरवलंत त्याबद्दल तुम्हाला नमस्कार. बोलण्याइतकंच ते वेळेवर बोलणंही महत्त्वाचं होतं. मन परत तसं झालं तर ९८८ या हेल्पलाइनवर चोवीस तास माणूस बोलायला असतो.

तिजोरीबद्दल एक. घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं नाही, होल्स्टरसकट कमरेवरून उतरवून होल्स्टरसकट तिजोरीत. ट्रिगर उघडा पडण्याची वेळ जितकी कमी तितकं बरं, दिवसभराने थकलेल्या हातांनी रोज भरणं-रिकामं करणं यातच घरात गोळ्या सुटतात. आणि गाडीत रात्रभर ठेवू नका, ह्युस्टनला गाड्या फोडून पिस्तुलंच नेतात. कामाच्या ठिकाणी आत बंदी असेल तर टेक्सासच्या कायद्याने पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत ठेवण्यापासून मालक सहसा अडवू शकत नाही, पण मग गाडीत सीटखाली वायरदोराने बांधलेली पेटी घ्या, ग्लव्ह बॉक्स नाही.

अर्थात वहिनींच्या बाबतीत यातच खरी गोम आहे. दुकानातून गाडीपर्यंतचं अंतर हाच धोका, आणि पिस्तूल गाडीत असेल तर त्या अंतरात ते नाही. मालकाने आत परवानगी दिली नाही तर काय, हा विचार खरेदीच्या आधी करा.

कॅटीकर

विचारलं. आत परवानगी नाही, लेखी उत्तर आलं. पण तिने तेव्हाच मॅनेजरला सांगून दोन गोष्टी करून घेतल्या, क्लोजिंगला दोघांनी एकत्रच बाहेर पडायचं आणि गाडी दिव्याखाली, दारासमोर. पेपर स्प्रेला हरकत नाही, तो किल्ल्यांना लावलाय. पिस्तूल गाडीपासून घरापर्यंत आणि बाकीच्या दिवसांसाठी. ती म्हणाली अर्धा प्रश्न या ईमेलनेच सुटला, तरी शिकायचं आहेच.

मुळशी_ते_माहीम

इथे भारतात असं काही शक्य आहे का? बहीण पुण्यात रात्रपाळी करते.

एडिसनचा_नाना

१९५९ चा आर्म्स ॲक्ट आणि २०१६ चे नियम, पुण्यात पोलीस आयुक्तांकडे अर्ज, जिवाला धोका का आहे ते पटवावं लागतं, पोलीस चौकशी होते. ९ एमएम प्रतिबंधित बोअर (गोळीचं माप) आहे, सामान्य माणसाला ३२ बोअर. कानपूरच्या कारखान्याने २०१४ ला बायकांसाठी म्हणून "निर्भीक" रिव्हॉल्व्हर काढलं, अर्धा किलो वजन, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. रात्रपाळीच्या एकट्या मुलीसाठी कंपनीने घरपोच गाडी आणि गार्ड देणं जास्त उपयोगाचं, त्यासाठी भांडा.

गौरी_प्लेनो

भारताचा विषय निघालाय तर एक महत्त्वाचं. रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, पर्स कधीही भारतात जाताना वापरू नका. अस्तरात एक जिवंत काडतूस राहिलं तरी मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली केस होते, चुकून राहिलं म्हणून तिथल्या तिथे कोणी सोडत नाही. मी रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घेतली आहे, लाल, ती गॅरेजच्या पुढे घरात येतच नाही.

डॅलसवासी

कॅटीकर शेवटी काय घेतलं? तीन आठवडे झाले.

मधुरा_के

मी कॅटीकरांची बायको. त्यांचं अकाउंट न वापरता स्वतःचं काढलं.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. गौरीताई, कुर्त्याच्या चिरांचं वाचून मी खरंच कपाट उघडून बसले होते. रेंजवर काय झालं ते लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी एका शिक्षिकेबरोबर दोन तास, पहिल्या तासात गोळी नाहीच. जेफ कूपर यांचे चार नियम, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जे उद्ध्वस्त करायचं नाही तिकडे नळी न्यायची नाही, नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि टार्गेट व त्याच्या मागे काय आहे याची खात्री. बोट बाहेर ठेवणं मला सर्वांत अवघड गेलं, हातात घेतलं की ते आपोआप आत वळतं, घरी भिंतीचा रंग द्यायची ट्रिगरवाली स्प्रे बाटली घेऊन आठवडाभर तीच सवय केली.

मग चार पिस्तुलं भाड्याने. पहिल्या दोघांची स्लाईड रानवाटा दादांच्या पद्धतीने ओढता आली, अंगठ्याला काही झालं नाही, तेव्हा इतका आनंद झाला की मी दुकानातल्या त्या माणसाला जाऊन दाखवावं असं वाटलं. पण पंधराव्या मॅगझिनला गोळ्या भरतानाच अंगठा बोलायला लागला. म्हणजे माझी अडचण स्लाईड नव्हतीच, भरणं होतं, आणि हे दुकानात उभं राहून कधी कळलं नसतं. तिसऱ्यात तीनदा गोळी सुटल्यावरचं रिकामं टोपण स्लाईडमध्ये अडकून उभं राहिलं. मी म्हटलं पिस्तूल खराब आहे. शिक्षिकेने तेच माझ्या हातातून घेऊन तीस गोळ्या काढल्या, एकदाही अडकलं नाही. माझं मनगट धक्क्याबरोबर मागे जात होतं, स्लाईडला मागे जायला टणक आधार हवा तो मिळत नव्हता. नाव लिहीत नाही कारण दोष त्याचा नव्हता. पण त्यावरून मला समजलं की लोक ज्याला भरवशाचं पिस्तूल म्हणतात ते त्यांच्या हातात भरवशाचं असतं. माझ्या हातात, माझ्या मनगटाने, माझ्या गोळ्यांनी किती चालतं ते मलाच मोजायला लागणार.

चौथं शील्ड ईझी, ९ एमएम. आधीच्या तिघांपेक्षा जड, साधारण साडेसहाशे ग्रॅम, रुंदही वाटलं, यांनी चेहरा केला की हे लपेल कसं. पण मॅगझिनचं बटण दाबून मी आठ गोळ्या बोलता बोलता भरल्या, आणि सात यार्डांवर पहिल्या आठापैकी सात तळहाताएवढ्या जागेत. पंचवीस गोळ्यांनंतरही मला अजून एक मॅगझिन मारावंसं वाटत होतं, बाकीच्यांच्या वेळी मी घड्याळ बघत होते. ३८० वालं अजून सोपं होतं खरं, पण त्याच्या सरावाच्या गोळ्या महाग, आणि मला महिन्यातून दोनदा जायचंय, त्यामुळे ९ एमएम. पिस्तूल, होल्स्टर आणि पट्टा मिळून बजेटच्या थोडं वर गेलं. फॉर्म मीच भरला, पैसे माझ्या खात्यातून.

एलटीसीची लेखी झाली, नेमबाजी पण झाली, ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. २५० पैकी १७५ लागतात, मला २२१ मिळाले. १५ यार्डांवर हात थरथरला.

अजून मी कॅरी करत नाहीये. शिक्षिकेने सांगितलंय साध्या गोळ्या २०० आणि ज्या जवळ बाळगायच्या त्या हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) ५०, एकदाही न अडकता, अडकलं तर कारण शोधून पहिल्यापासून मोजायचं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे आकडा लिहिते. एकदा १३० वर अडकलं, मनगटच सैल होतं, पुन्हा शून्यापासून. काल १६० झाल्या. घरी पिस्तूल रिकामं करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, कुर्ता डाव्या हाताने वर ओढायचा आणि उजव्याने काढायचं हे रोज दहा वेळा करते. पहिल्या दिवशी ओढणी होल्स्टरमध्ये गुंतली. ट्रिगरजवळ कापड जाऊ शकतं हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं, आता कॅरीच्या दिवशी ओढणी नाही, आणि परत आत सरकवताना खाली बघूनच, सावकाश.

गौरीताई, एक विचारायचं होतं. तुमचा तो आतला पट्टा बसताना पोटाला टोचतो का? मी दिवसभर उभी असते पण गाडीत पस्तीस मिनिटं, आणि सीटबेल्टचं बक्कल नेमकं त्याच बाजूला येतं.

गौरी_प्लेनो

मधुरा, २२१ म्हणजे फारच छान गं! पट्टा टोचतो, सुरुवातीला मलाही टोचायचा. होल्स्टर दीड-दोन बोटं उजवीकडे सरकव, घड्याळात साडेतीनचा काटा असतो तिथे, आणि मागे फोमचा छोटा तुकडा चिकटव. सीटबेल्ट आधी कुर्त्याच्या खालून घे, मग कुर्ता वर सोड, म्हणजे बक्कल आणि ग्रिप एकमेकांत अडकणार नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉल कर, आरशासमोर उभी राहून दाखवते.

मधुरा_के

करते. रविवारी सकाळी रेंज आहे, उरलेल्या ४० तिथेच. दुपारी तीनला चालेल?